भोकाचा, कडीचा, टोचलेला चांदीचा रुपया: घ्यायचा कुठला आणि तपासायचा कसा

आपल्या मराठवाड्यात जुना चांदीचा रुपया धडधाकट सापडणं तसं अवघडच, कारण इथं रुपया नुसता खर्चायला नव्हता, तो बायकांच्या गळ्यात होता, देव्हाऱ्यात होता, लक्ष्मीपूजनाच्या ताटात होता आणि तराजूत वजन म्हणून पण होता, अजून जुनी माणसं रुपयाभार चांदी म्हणतातच की. मग त्याला कडी झाळलेली असते, भोक पाडलेलं असतं, चेहरा घासून गुळगुळीत झालेला असतो. नाण्यांचा नाद लागलेली नवीन पोरं असला रुपया बघितला की तोंड वाकडं करतात, एकदम चकाचक पाहिजे म्हणतात, आणि तो रुपया सराफाच्या मुशीत जातो. चांदीचा भाव चढला की सगळ्यात आधी आटणीला जातं ते खराब नाणं, चांगलं नाणं कुणीतरी वाचवतंच. म्हणून मी गेली बरीच वर्षं मुद्दाम खराबच नाणी बघतो, पण दुर्मिळ खराब नाणी, दोन्ही गोष्टी एकत्र पाहिजेत.

माझी सुरुवात आजीच्या माळेपासून झाली. काळ्या दोऱ्यात ओवलेले ११ रुपये, प्रत्येकाला वर पितळी कडी. आईला ती माळ मोडून पैंजण करायचे होते, वजन पण झालं होतं. मी म्हणलं एकदा भिंगानं बघू दे. दहा रुपये एकदम नेहमीचे निघाले, १९०६, १९०७, १९१३, १९१८ असले, आणि अकराव्यावर साल होतं १९११. कडी एकदम टाळूवर झाळलेली, गळ्यात घासून घासून पंचम जॉर्ज राजाचं नाक गेलेलं, पण छातीवरच्या हारातला हत्ती तिरक्या उजेडात धरला की दिसत होता. हा तोच रुपया ज्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, सोंड आखूड पडली होती, त्यावरून ओरड झाली आणि सरकारनं नाणं मागं घेतलं. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले सात एक लाखच बाहेर आले, बाकीचे आटवले. १९१२ पासून हत्तीची सोंड नीट लांब दिसते. बाकीच्या दहाचे पैंजण झाले, अकरावा माझ्याकडं आहे, कडीसकट.

तर पहिलं काम म्हणजे आधी नाणं दुर्मिळ आहे का ते बघायचं आणि मगच खराबी बघायची. लोक उलटं करतात. ढिगानं मिळणाऱ्या सालाचा रुपया खराब असेल तर तो चांदीच्या भावाचा, त्याच्यावर एक रुपया पण जास्त देऊ नका. १९०५ ते १९१९ च्या मधले बहुतेक रुपये ढिगानं आहेत, ते भोक पडलेले घेऊन पेटी भरायची नाही. पण त्या सालचे रुपये कमीच पाडलेले असतील तर तेच भोक चालतं, कारण चांगल्या अवस्थेतलं नाणं आपल्या खिशाला परवडणारच नसतं आणि तेच आपल्याकडं यायचं हे एकच दार असतं.

कलदारात म्हणजे इंग्रजी रुपयात बघायची सालं सांगतो. १९११ झालं. १९३९ चा षष्ठम जॉर्जचा रुपया फार दुर्मिळ, तो शेवटचा चांगल्या चांदीचा. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी आहे आणि कडेला वेगळी नक्षीची खाच आहे, १९४७ ला तर चांदी गेलीच, निकेलचा वाघाचा रुपया आला. १९२१ आणि १९२२ पण कमी मिळतात. राणीछापमध्ये म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयात १८९७ बघा, कारण १८९३ साली सरकारनं लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून द्यायचं बंद केलं, मग पुढची काही वर्षं रुपये फारच कमी पडले. आणि १८६२ चा रुपया दिसला की नेहमीचा म्हणून टाकू नका, ते साल १८७४ पर्यंत तसंच ठेवलं होतं, फरक मुख्यतः मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांत आहे, काही ठिपक्यांची जोडी सहज मिळत नाही. भोक नेमकं ठिपक्यावर पाडलेलं असेल तर मात्र सोडा, त्याला काही अर्थ राहिला नाही.

पण आपल्या भागात खरी मजा हालीची. जुनी माणसं इंग्रजी रुपयाला कलदार आणि निजामाच्या रुपयाला हाली म्हणायची, हाली म्हणजे चालू. ११६ रुपये १० आणे ८ पै हाली दिले की १०० कलदार यायचे, असा ठरलेला भाव होता. कलदार ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी, बरोबर एक तोळा. हाली ११.१८ ग्रॅम आणि ८१.८ टक्के चांदी. चारमिनारवाला रुपया निजाम महबूब अली खानच्या काळात आला, साधारण १९०४ च्या आसपास, आणि १९११ नंतर उस्मान अली खानचा. दोघांतला फरक भिंगानं कळतो, चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर आहे, महबूबचं मीम आणि उस्मानचं ऐन. घासलेल्या नाण्यावर सगळं जातं पण कमानीतलं अक्षर खोलगट जागेत असल्यानं बऱ्याचदा वाचतं, तिथंच आधी बघा.

साल हिजरी असतं आणि अंक उर्दू. दोन दिवसात शिकता येतात, घाबरू नका. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे ठिपका, सात म्हणजे वर उघडलेला कोन आणि आठ म्हणजे तोच कोन पालथा घातलेला, पाच उलट्या बदामासारखा, नऊ आपल्या इंग्रजी नऊसारखाच. हिजरीवरून इसवी काढायचं तर हिजरी साल गुणिले ०.९७ आणि त्यात ६२२ मिळवा, म्हणजे १३२९ आलं की १२८९ अधिक ६२२, १९११. एक आकडा भोकात गेला असेल तर मागच्या बाजूला राजाच्या राज्याचं कितवं वर्ष ते असतं, जुलूस म्हणतात त्याला, त्यावरून गेलेला आकडा काढता येतो. हे मला सगळ्यात उपयोगी पडलंय, अर्ध्या मोडक्या नाण्याचं साल असं जुळवून लावायला जो आनंद होतो तो चकाचक नाण्यात नाही.

आता चारमिनारच्या आधीचं. १८५८ पर्यंत निजाम दिल्लीच्या बादशहाच्या नावानं नाणी पाडायचा, दिल्लीची गादी गेली तेव्हा निजामाच्या घराण्याचा मूळपुरुष आसफजाह याचं नाव आलं आणि त्याच्याबरोबर ९२ हा आकडा, अबजद पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा धरून, मुहम्मद या नावाची बेरीज ९२ येते. आणि त्याच्याही मागं गेलं की आपल्या गावचं नाणं. औरंगाबादच्या टांकसाळीचं नाव नाण्यावर खुजिस्ता बुनियाद असं यायचं, जसं हैदराबादचं फरखुंदा बुनियाद. औरंगजेबाच्या रुपयावर फारसी ओळ आहे, सिक्का जद दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर, म्हणजे जगात नाणं पाडलं पौर्णिमेच्या चंद्रासारखं. सोन्याच्या मोहरेवर बद्रच्या जागी मिहर म्हणजे सूर्य, चांदीला चंद्र, काय विचार केलाय बघा. ही नाणी हातानं ठोकलेली, ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळं अर्धी अक्षरं बाहेरच गेलेली असतात, म्हणजे टांकसाळीचं नाव दिसणं हेच नशीब. उलट्या बाजूला जर्ब हा शब्द शोधायचा, जर्ब म्हणजे इथं पाडलं, त्याच्याजवळच गावाचं नाव. माझ्याकडच्या खुजिस्ता बुनियादवर सराफांनी सात ठिकाणी टोचलंय, एक टोचा तर इतका खोल की पलीकडं उमटलाय, पण खुजिस्ता एवढं शाबूत आहे आणि तेवढ्यासाठी मी तो घेतला.

खराबीच्या जाती असतात, सगळ्या सारख्या नाहीत. सराफाचा टोचा किंवा छोटा शिक्का मी खराबी धरतच नाही, पूर्वी रुपया हातात आला की सराफ चांदी खरी का खोटी बघायला टोचायचा, ते नाण्याच्या प्रवासाचंच आहे. भोक असेल तर ते कुठं आहे त्यावर सगळं. राणीछाप आणि पंचम जॉर्जच्या रुपयाचं साल मागच्या बाजूला वेलबुट्टीच्या आत असतं, त्यामुळं काठाजवळच्या भोकानं साल जात नाही, म्हणून ते चालतं. कडी काठावर झाळलेली असेल तर ती भोकापेक्षा बरी, चांदी पूर्ण राहते. पण मागच्या पूर्ण तोंडावर डाख म्हणजे झाळायचा धातू पसरलेला असेल, बटण किंवा आकडा बसवायला, तर त्या बाजूचं काहीच राहत नाही, तो रुपया फार दुर्मिळ असला तरच. घासलेलं नाणं म्हणजे नैसर्गिक झीज, ती चालते, पण कुणीतरी कानशीनं घासून काठ खाल्लेला किंवा पॉलिशच्या चाकावर धरून आरशासारखा केलेला मी घेत नाही. आणि वाकलेलं नाणं घरी हातोडीनं सरळ करायचा प्रयत्न करू नका, जुनी चांदी ठिसूळ झालेली असली तर तडा जातो.

आता महत्त्वाचं, ज्यात नवीन माणूस फसतो. चांगलं नाणं वजनावरून तपासता येतं, ११.६६ च्या आसपास भरलं तर ठीक. पण भोक पडलेल्याचं वजन कमी, कडीवाल्याचं जास्त, मग खोट्या नाण्यावाल्याला आयतं कारण मिळतं, म्हणतो काका भोक आहे ना म्हणून वजन कमी भरतंय. तिथं घनता काढायची. भोकानं वजन बदलतं, घनता बदलत नाही.

त्याला दोन दशांशापर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो, सोन्याच्या कामाचा, महाग नाही. आधी नाणं कोरडं वजन करा आणि आकडा लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधा, भोक असेल तर दोऱ्याची सोयच आहे, आणि नाणं पाण्यात पूर्ण बुडवून लोंबतं धरा, ग्लासच्या बुडाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही. अंगाला हवेचे बुडबुडे चिकटलेले असतील तर ते हलवून काढा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे बसत नाहीत. आता काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागा. माझ्याकडचा एक भोकाचा हाली १०.८५ ग्रॅम भरला, पाण्यात काट्यानं १.०७ दाखवलं, भागाकार १०.१४, म्हणजे बरोबर. हालीची घनता १०.१७ च्या जवळ यायला पाहिजे, कलदारची १०.३ च्या जवळ, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाची साडेनऊच्या आसपास, आणि जर्मन सिल्व्हरचं, म्हणजे चांदी नसलेल्या पांढऱ्या धातूचं, बनावट असेल तर साडेआठ-पावणेनऊ. पितळी कडी असेल तर घनता थोडी खाली येते, तेवढं समजून घ्यायचं, पण १०.३ च्या जागी ८.७ कडीमुळं येत नाही, सरळ परत द्या. दोन-तीनदा करून बघा, हात हलला की आकडा हलतो.

१९३९ बद्दल जास्त सावध राहा, १९३८ च्या आठाचा नऊ करणारे आहेत, आणि कडी लावलेलं, घासलेलं नाणं तर त्यांच्या फार सोयीचं, कारण खोडलेलं झिजेत लपतं. भिंगाखाली नऊच्या खालच्या टोकाला खरवडल्यासारखं दिसतं का, बाकीच्या अंकांची उंची आणि झीज त्या नऊसारखीच आहे का ते बघा. सगळं नाणं गुळगुळीत आणि एकटा नऊ धारदार असं नसतं हो. चांदी खरीच असल्यानं घनतेनं हे पकडता येत नाही, तिथं डोळाच लागतो.

मिळतात कुठं तर पहिलं ठिकाण आपलंच घर आणि नातेवाईक, दुसरं सराफा. छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात असो की लातूरच्या गंजगोलाईत, जुन्या पेढीवर ओळख करा, दर महिन्याला जा, चहा प्या, आणि एवढंच सांगून ठेवा की मोडीत रुपये आले तर आटवायच्या आधी मला दाखवा, मी चांदीच्या भावावर थोडं जास्त देतो. सुरुवातीला कुणी लक्ष देत नाही, एकदा तुम्ही खरंच जास्त पैसे देऊन दोन रुपये उचलले की मग ते स्वतः फोन करतात. बिल मागून घ्या, लहान खरेदी असली तरी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, आठवडी बाजारात जुनं विकणारे बसतात, तिथं अस्सल पण मिळतं आणि पिशवीभर खोटं पण, काटा खिशात ठेवा.

बंजारा बायकांच्या अंगावरचे रुपये दिसले म्हणून तांड्यावर जाऊन मागत बसू नका. ते त्यांचं आजी-पणजीचं लेणं आहे. एका मावशीनं मला स्वतःहून तिच्या माळेतले रुपये बघू दिले होते, मी साल वाचून दाखवत गेलो आणि ती म्हणाली हा माझ्या सासूच्या लग्नातला, हा नणंदेचा. विकत मागायची माझी हिंमतच झाली नाही आणि मागितलं नाही ते बरंच केलं. विकायचं असेल तर त्या विचारतात, तेव्हा मात्र खरं सांगायचं, दुर्मिळ साल असेल तर दुर्मिळ आहे म्हणून सांगायचं आणि तसे पैसे द्यायचे.

शेतात नांगरताना, घराच्या पायात गाडगं सापडलं तर ती वेगळी गोष्ट आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत लपवलेला दहा रुपयांच्या वरचा ऐवज सापडला की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, तसली नाणी गुपचूप विकत घेणारा पण अडचणीत येतो. पैठण, तेरच्या परिसरात पाऊस पडून गेला की जमिनीवर जुनं काहीबाही उघडं पडतं, सातवाहनांची गावं ती, पण म्हणून तिथं उकरायला जायचं नाही. सातवाहनांची नाणी बहुतेक शिशाची आणि तांब्याची, चांदीची राजाच्या चेहऱ्याची फार थोडी, बघायची असतील तर तेरचं लामतुरे संग्रहालय बघून या, नाणी ओळखायला डोळा तयार होतो. आणि १०० वर्षांच्या वरचं नाणं देशाबाहेर पाठवायचं नाही, १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे.

घरी आणल्यावर काय करायचं यात लोक सगळ्यात जास्त वाटोळं करतात. चिंच, राख, लिंबू, टूथपेस्ट, चांदी धुवायचं पाणी, यातलं काही नको. खराब नाण्यावर आधीच थोडा तपशील उरलेला असतो, तो घासून घालवायचा कशाला. काळपट रंग असू द्या, त्यानंच खोलगट अक्षरं उठून दिसतात. माळेतल्या नाण्यावर लाख, मेण, कुंकू, तेलाचा चिकटा असतो, तेवढ्यासाठी शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या वाटीत थोडा वेळ बुडवा, खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ करू नका, ते पटकन पेट घेतं. मग डिस्टिल्ड पाण्यातून काढून मऊ कपड्यावर टिपायचं, पुसायचं नाही.

कडी काढायचा मोह आवरा. मी एकदा चूक केली, राणीछाप १८९७ मिळाला होता, कडी काठावर थोडी मागच्या बाजूला सरकलेली, मला वाटलं काढली तर नाणं छान दिसेल. ओळखीच्या सोनाराकडं दिलं, त्यानं फुंकणीनं ज्योत मारली, डाख वितळला आणि वितळून थेट सालावर पसरला, ९ आणि ७ त्याच्याखाली गेले. तो बिचारा म्हणाला दादा घासून काढू का. मी तसंच उचलून आणलं. आता त्या नाण्याचं साल मला माहीत आहे, पण दुसऱ्या कुणाला मी ते सिद्ध करून दाखवू शकत नाही. तेव्हापासून कडी आली की कडीसकट ठेवतो.

ठेवताना रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद लांब ठेवा, दोन्हीनं चांदी काळी पडते, आणि मऊ वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात तर बिलकूल नको, त्यानं हिरवा चिकट थर चढतो. साधं ॲसिड नसलेल्या कागदाचं पाकीट घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, पावसाळा संपला की पुडी बदला. पाकिटावर पेन्सिलनं लिहायचं, नाणं आत घालायच्या आधी. आजीच्या रुपयाच्या पाकिटावर माझं असं आहे: पंचम जॉर्ज, १९११, कडी पितळी टाळूवर, वजन कडीसकट १२.३१, हत्ती दिसतो, नाक झिजलं, आजीच्या माळेतला अकरावा.